नकाराचा पल्ला

आठवीचा वर्ग, मराठी माध्यम. फळ्यावर 'कोणीही आलं नाही' हे वाक्य, त्याचं इंग्रजी करायचं. एक मुलगी पुढे आली आणि तिने ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'एनिबडी डिड नॉट कम'. मी ते पुसलं आणि 'नोबडी केम' असं लिहिलं. ती जागेवर जाईना. खडू हातात तसाच धरून तिने विचारलं, "बाई, पण यात 'नाही' कुठे आहे? 'केम' म्हणजे तर 'आलं'."

"'नोबडी'मध्येच आहे ना ते."

"मग आलं कोण?"

वर्ग हसला. ती हसली नाही. मी नियम सांगितला, वहीत उतरवून घ्यायला लावला आणि पुढच्या वाक्याकडे वळले. प्रश्न मात्र माझ्याजवळ राहिला. पुढे जितकी वर्षं इंग्रजी शिकवलं तितकी वर्षं तो कुठल्या ना कुठल्या बाकावरून परत येत राहिला, आणि आता माझी खात्री झाली आहे की त्या मुलीने इंग्रजी नकाराच्या मर्मावरच बोट ठेवलं होतं.

मराठीत नकार क्रियापदाच्या घरी राहतो. नाही, नको, नये, नव्हे, नसतो, न करता ही सगळी क्रियापदाची सोयरी. नामाला आपण सहसा हात लावत नाही. 'माझ्याकडे पैसे नाहीत' म्हणताना पैसे जसेच्या तसे राहतात, नसतं ते त्यांचं असणं. इंग्रजी म्हणतं, 'आय हॅव नो मनी'. तिथे 'हॅव' शाबूत आहे आणि नकार जाऊन चिकटला आहे पैशाला. क्रियापद होकाराचं, नाम नकाराचं. या जोडीवर लुइस कॅरलने १८७१ साली आरशापलीकडच्या ॲलिसच्या गोष्टीत एक प्रसंग उभा केला. रस्त्यावर कोणी दिसत नाही असं ॲलिस सांगते, तर पांढऱ्या राजाला वाटतं की तिला 'नोबडी' नावाचा माणूस दिसतो आहे, आणि तोही इतक्या लांबून. तो राजा आणि माझी ती विद्यार्थिनी एकच प्रश्न विचारतात.

त्याहून फार जुना प्रसंग होमरच्या 'ओडिसी'तला. एकडोळ्या राक्षसाला ओडिसियस आपलं नाव 'कोणी नाही' अशा अर्थाचं सांगतो. पुढे डोळा फुटल्यावर राक्षस नाव घेऊन बोंबलतो आणि शेजारच्यांना वाटतं, याला कोणीच काही करत नाही. ही युक्ती मराठीत करून बघा. राक्षस ओरडेल, "कोणीनाही मला मारतोय!" आणि शेजारी लगेच धावून येतील, कारण खरोखर कोणी मारत नसतं तर तो 'मारत नाही' म्हणाला असता. आपल्याकडे नकारात क्रियापदाचं रूपच बदलतं, 'मारतोय'चं 'मारत' होतं. नावाने केलेली चोरी क्रियापदाने पकडली असती. ग्रीक आणि इंग्रजीत ती पचते, कारण तिथे नामाने नकार उचलला की क्रियापद मोकळं होतं.

इंग्रजी नेहमी असं नव्हतं. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत 'ने' हा नकार क्रियापदाच्या आधी येई, आपल्या 'न'सारखाच, आणि पुष्कळदा क्रियापदात मिसळून जाई. 'इज'चं नकारी रूप 'निस' होतं. 'जाणणे' या अर्थाच्या 'वितन'चं नकारी रूप 'नितन', म्हणजे न जाणणे. जुनी मराठी वाचणाऱ्याला इथे एकदम 'नेणे' आठवेल. न आणि जाणणे यांचं 'नेणे', न आणि लागणे यांचं 'नलगे', न आणि येणे यांचं 'नये'. संतांच्या ओव्या-अभंगांत ही रूपं पावलोपावली भेटतात. एवढ्या दूरच्या दोन भाषांनी एकाच क्रियापदाला एकाच रीतीने नकार जोडावा याचं मला अजूनही अप्रूप वाटतं. दोन्हीकडचा 'न' मुळात एकाच घराण्यातला आहे.

फरक पडला तो पुढे. इंग्रजीतला तो 'ने' नामांनाही चिकटू लागला. 'ने' आणि 'एक' मिळून आजचा 'नन' झाला. 'ने', 'कधी' आणि 'वस्तू' मिळून 'काहीच नाही' अशा अर्थाचा शब्द झाला, आणि तोच झिजत झिजत आजचा 'नॉट' बनला. म्हणजे ज्या 'नॉट'ला आपण क्रियापदाचा नकार म्हणून शिकवतो, तो जन्माने नकार पोटात घेतलेलं नामच आहे. डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ओटो येस्पर्सन याने १९१७ मध्ये या फेऱ्याचं वर्णन केलं. नकाराचा शब्द क्षीण होतो, मग त्याला टेकू म्हणून दुसरा शब्द येतो आणि काही काळाने टेकूच खांब होतो.

त्या जुन्या इंग्रजीत एका वाक्यात दोन-तीन नकार सुखाने नांदत. चौदाव्या शतकात चॉसर या इंग्रज कवीने आपल्या काव्यातल्या सरदाराचं वर्णन करताना दोन ओळींत चार नकार घातले आणि चारही मिळून एकच 'नाही' म्हणतात. पुढे अठराव्या शतकात, १७६२ साली पहिल्यांदा छापल्या गेलेल्या रॉबर्ट लाउथच्या व्याकरणासारख्या पुस्तकांनी ठरवून टाकलं की दोन नकार एकमेकांना खोडतात. शाळेत आपण हा नियम गणितातल्या उणे गुणिले उणे असा शिकवतो, जणू तो विश्वाचाच नियम आहे. तो प्रमाण इंग्रजीने केलेला करार आहे. इंग्रजीच्या कितीतरी बोलींनी तो आजही मान्य केलेला नाही आणि त्या बोलींत विचार करणाऱ्यांचं काही अडत नाही. पण प्रमाण इंग्रजी लिहायची तर करार पाळावा लागतो, आणि त्याचा परिणाम मोठा आहे. वाक्यात नकार एकदाच खर्च करायचा. मग एवढ्याशा नकारात पुढचे सगळे शब्द कसे भागवायचे? ते काम करतात आजूबाजूचे चिल्लर शब्द: ऑर, अँड, एनी, इव्हन, ओन्ली, ऑलमोस्ट. नकार नामात बसलेला दिसतो, पण त्याचा पल्ला कुठवर जातो ते उभयान्वयी अव्ययं आणि क्रियाविशेषणं सांगतात. आपण मुलांकडून नो, नन, नथिंग, नेव्हर अशी यादी पाठ करून घेतो, पण पल्ला शिकवतच नाही. माझी तक्रार एवढीच आहे, आणि ती क्षुल्लक नाही हे पुढे दाखवते.

'देअर इज नो ब्रेड ऑर मिल्क इन द हाउस.' मुलं भाषांतर करतात, 'घरात ब्रेड किंवा दूध नाही', आणि विचारलं तर अर्ध्याजणांना वाटतं की दोन्हींपैकी एक काहीतरी असेल. मराठी 'किंवा' नकाराशेजारी आला की खरंच डगमगतो. 'त्याने चहा किंवा कॉफी घेतली नाही' हे वाक्य माझ्या कानाला अडखळतं. मनातून मराठी बोलणारी बाई म्हणेल, 'त्याने चहा-कॉफी काही घेतलं नाही'. इंग्रजीत मात्र 'नो'च्या मागून आलेला 'ऑर' दोन्ही गोष्टी पुसून टाकतो. तर्कशास्त्रात हा नियम ऑगस्टस डी मॉर्गनच्या नावाने ओळखला जातो, आणि हा गणिती १८०६ साली जन्मला आपल्या मदुराईत. 'हे किंवा ते' नाही म्हणजे हेही नाही आणि तेही नाही. 'हे आणि ते' नाही म्हणजे फक्त दोन्ही एकत्र नाहीत, एखादं असू शकेल.

मराठीने याच कामासाठी स्वतःची सुरेख सोय केलेली आहे आणि आपण ती व्याकरणाच्या तासाला समासाच्या यादीत कोंबून विसरतो. 'त्यांना मूलबाळ नाही.' 'त्याला घरदार नाही.' 'घरात मीठमिरची नाही.' इथे 'आणि' नाही, 'किंवा'ही नाही. दोन नामं एका गाठोड्यात बांधली आणि शेवटच्या 'नाही'ने गाठोडंच नाकारलं. घर आहे पण दार नाही, असं कोणी समजत नाही. अधिक ठासून सांगायचं तर 'ही' दोनदा येतो: दूधही नाही, साखरही नाही. आणि 'ना शेंडा ना बुडखा' म्हणताना तर मराठी नकार थेट नामापुढे जाऊन उभा राहतो, इंग्रजी 'नायदर–नॉर'च्या शेजारी. तेव्हा नामाला हात लावत नाही हे मी वर म्हटलं ते 'सहसा' एवढ्यापुरतंच खरं. 'नो'खालच्या 'ऑर'ला 'किंवा' हा प्रतिशब्द देणाऱ्या भाषांतरकाराने एकदा तरी 'मूलबाळ' आठवावं.

हे सगळं घरातल्या दुधा-साखरेपुरतं असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. आपल्या संविधानातले काही मूलभूत हक्क इंग्रजीत लिहिले गेले ते नकारी नामातून. 'नो पर्सन शॅल बी...' अशी सुरुवात आणि पुढे अख्खं कलम त्या 'नो'च्या छत्राखाली. कलम २१ घ्या. कायद्याने घालून दिलेल्या पद्धतीखेरीज कोणाचंही जीवित 'ऑर' व्यक्तिगत स्वातंत्र्य हिरावून घेता येणार नाही. 'ऑर' आहे म्हणून दोन्ही वेगवेगळी सुरक्षित आहेत. सरकारने फक्त स्वातंत्र्य काढून घेतलं तरी कलमाचा भंग होतो. आता एक पान मागे जा. कलम २०च्या दुसऱ्या खंडात एकाच अपराधासाठी कोणाही व्यक्तीला एकाहून अधिक वेळा 'प्रॉसिक्यूटेड अँड पनिश्ड' केलं जाणार नाही असं आहे. इथे 'अँड'. मसुद्यात आधी फक्त शिक्षेचाच उल्लेख होता, खटल्याचा शब्द आणि त्याच्या हातात हात घालून हा 'अँड' संविधान सभेतल्या चर्चेत आला.

या 'अँड'ची परीक्षा लगेच झाली. १९४९ मध्ये जेद्दाहून मुंबईला सांताक्रूझ विमानतळावर उतरलेल्या मकबूल हुसेन यांच्याकडे सोनं सापडलं. सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी ते जप्त केलं, आणि नंतर परकीय चलनाच्या कायद्याखाली खटलाही भरला गेला. एकाच गोष्टीची ही दुसरी शिक्षा नाही का? सर्वोच्च न्यायालयाने १९५३ मध्ये सांगितलं की सीमाशुल्क अधिकारी म्हणजे न्यायालय नव्हे, जप्ती म्हणजे फौजदारी खटला नव्हे. १९५४ मध्ये वेंकटरामन या अधिकाऱ्याच्या प्रकरणात आणखी स्पष्ट झालं: 'प्रॉसिक्यूटेड' आणि 'पनिश्ड' हे शब्द सुटे सुटे घ्यायचे नाहीत, दोन्ही गोष्टी एकत्र घडलेल्या असतील तरच हे संरक्षण मिळेल. म्हणजे खटला चालला आणि माणूस निर्दोष सुटला, तर फक्त या खंडाच्या जोरावर तो दुसरा खटला अडवू शकत नाही. ते संरक्षण त्याला फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यातून मिळतं; २०२४पर्यंत ते १९७३च्या संहितेच्या कलम ३०० मध्ये होतं, जिथे दोषी ठरलेला 'ऑर' निर्दोष सुटलेला असे शब्द होते. संसदेला साध्या बहुमताने बदलता येणाऱ्या कायद्यात 'ऑर', आणि संविधानात 'अँड'. एका माणसाचं संरक्षण कोणत्या ग्रंथात राहतं ते या एका उभयान्वयीने ठरवलं.

आता हे मराठीत आणून बघा. 'कोणत्याही व्यक्तीवर एकाच अपराधासाठी पुन्हा खटला चालवला जाणार नाही आणि तिला शिक्षा केली जाणार नाही.' वाचायला बरोबर वाटतं, पण आपल्याकडे नकार क्रियापदाला लागतो, क्रियापदं दोन, म्हणून 'नाही'ही दोनदा आलं. त्याबरोबर हक्काची व्याप्ती वाढली, कारण या वाक्याप्रमाणे नुसता दुसरा खटलाही निषिद्ध ठरतो. मूळ अर्थाला जवळ जायचं तर 'खटला चालवून शिक्षा केली जाणार नाही' असं काहीतरी लिहावं लागेल. 'चालवून'मधला 'ऊन' दोन क्रिया एकत्र बांधून ठेवतो आणि एकच 'नाही' दोन्हींच्या जोडीवर पडतं. तोही निखालस नाही. 'तो घरी जाऊन जेवला नाही' यात तो घरी गेला की नाही? संदर्भावाचून सांगता येत नाही.

याची झळ बसलेला माणूस मी पाहिला आहे. एक जुना विद्यार्थी नोकरीचा अर्ज घेऊन माझ्याकडे आला. स्वयंघोषणेत शेजारी शेजारी दोन मजकूर होते. इंग्रजीत, माझ्यावर खटला दाखल झालेला 'ऑर' मला शिक्षा झालेली नाही. मराठीत, 'माझ्यावर खटला दाखल व शिक्षा झालेली नाही'. एका रस्ता रोकोत धरलेल्या पोरांमध्ये तो होता. खटला चालू होता, निकाल लागायचा होता. मराठी मजकुराखाली सही केली तर तो खरं बोलत होता, इंग्रजीखाली केली तर खोटं. "बाई, मी कुठल्या भाषेत सही करतोय?" असं त्याने विचारलं. आम्ही सही बाजूला ठेवली आणि खटल्याचा क्रमांक घालून चार सरळ वाक्यं वेगळ्या कागदावर लिहून जोडली. ज्याने 'ऑर'चं 'व' केलं त्याला 'व' आणि 'वा' यांतला काना क्षुल्लक वाटला असेल. त्या कान्यावर त्या पोराची नोकरी लटकली होती.

उभयान्वयी नकाराचा पल्ला लांबवतात, क्रियाविशेषणं त्याची जात ओळखून देतात. 'ऑलमोस्ट नोबडी' चालतं, 'ऑलमोस्ट समबडी' चालत नाही, कारण 'जवळजवळ' हा शब्द टोकाशीच लागू पडतो. सगळे हे एक टोक, कोणीच नाही हे दुसरं. मराठीतही 'जवळजवळ कोणी आलं नाही' म्हटलं तर वाक्य लंगडं पडतं. 'जवळजवळ कोणीच आलं नाही' म्हटलं की ते उभं राहतं. तो एक 'च' नामाला टोकाशी नेऊन बसवतो. इंग्रजीला 'नोबडी'त जे कोंबावं लागतं ते आपण 'च' आणि 'नाही' यांत वाटून घेतो. मराठीत नकार शेवटी येतो म्हणून श्रोत्याला वाट बघावी लागते, असं म्हणणाऱ्यांनी 'अजिबात', 'मुळीच', 'फारसं' हे शब्द ऐकावेत. 'मला हे अजिबात...' एवढं कानावर पडलं की पुढचं 'नाही' आलंच म्हणून समजा. नकार शेवटी असतो, त्याची वर्दी आधीच आलेली असते.

आणि इंग्रजीत क्रियाविशेषणाच्या जागेवरचा नकार शब्दक्रमच उलटा करू शकतो. व्याकरणकारांच्या आवडीचं उदाहरण आहे. 'विथ नो जॉब, ही वुड बी हॅपी' म्हणजे नोकरी नसेल तर तो खूश असेल. 'विथ नो जॉब वुड ही बी हॅपी' म्हणजे कोणत्याही नोकरीत तो खूश होणार नाही. शब्द तेच. पहिल्यात नकार 'जॉब'पाशी थांबला, दुसऱ्यात त्याने अख्खं वाक्य कवेत घेतलं आणि 'वुड'ने जागा सोडून त्याची पोच दिली. भाषाशास्त्रज्ञ एडवर्ड क्लिमाने १९६४च्या आपल्या निबंधात असा वाक्यभर पसरलेला नकार ओळखायच्या कसोट्या दिल्या, आणि त्यातल्या एकीत उभयान्वयी आणि क्रियाविशेषण दोघंही राबतात. 'ही इज नॉट हॅपी, अँड नायदर ॲम आय.' पण 'ही इज अनहॅपी, अँड सो ॲम आय.' 'अन' शब्दाच्या उंबऱ्याबाहेर पडत नाही, म्हणून पुढे 'सो' येतो. ही कसोटी मराठीलाही लावता येते. 'तो खूश नाही आणि मीही नाही', पण 'तो नाखूश आहे आणि मीही आहे'. 'ना', 'बिन', 'निर्' हे आपले नकार घरकोंबडे. बिनसाखरेचा चहा हा चहाच असतो.

मी नंतर वर्गात रेघ मारायला लागले. वाक्य फळ्यावर लिहायचं आणि 'नो'पासून खडूने रेघ ओढत न्यायची, नकार जिथे संपतो तिथवर. 'नोबडी केम'खाली रेघ पूर्णविरामापर्यंत जाते. मुलांना ते दिसतं. 'केम'खालीही रेघ आली म्हणजे 'आलं'सुद्धा नाही, हे न सांगता कळतं.

अशी रेघ कुठे थांबते यावर देशातल्या बायकांचं भवितव्य कसं ठरू शकतं, तेही सांगते. कलम १५ म्हणतं की धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान 'ऑर' यांपैकी कोणत्याही कारणावरून राज्य कोणत्याही नागरिकाबाबत भेदभाव करणार नाही. इथे नकार 'नॉट'मध्ये आणि त्याचा पल्ला 'एनी सिटिझन'मध्ये, म्हणजे 'नो सिटिझन'च, सोडवून लिहिलेला. मसुदा करणाऱ्यांनी 'यांपैकी कोणत्याही' हे शब्द घालून पाचही कारणं एकत्र लागतील ही शंका खोडली. पण त्यांनी एक क्रियाविशेषणही घातलं: 'ओन्ली'. केवळ या कारणांवरून.

१९८१ मध्ये एअर इंडियाच्या हवाई सुंदरींचं प्रकरण, नर्गेश मिर्झा यांच्या नावाने ओळखलं जाणारं, सर्वोच्च न्यायालयासमोर आलं. त्यांना पस्तिशीत निवृत्ती, नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केलं तर नोकरी जाणार, पहिल्या गर्भारपणात नोकरी जाणार. त्यांच्यासारखंच विमानात काम करणाऱ्या पुरुषांना यातलं काही नाही. गर्भारपणाची अट न्यायालयाने रद्द केली, लग्नाची चार वर्षांची अट मात्र टिकली. कलम १५ आणि १६ फक्त आणि फक्त लिंगावरून केलेल्या भेदभावाला मनाई करतात, लिंगाला इतर कारणांची जोड असेल तर ते आड येत नाहीत, असं न्यायालयाने म्हटलं. नकाराची रेघ 'ओन्ली'पाशी येऊन थांबली. बाईपणाला कुठलंही दुसरं कारण चिकटवा, कलम बाजूला होतं. मला हे वाचन तेव्हाही पटलं नव्हतं, कारण बाईला कामावरून काढताना कोणीच नुसतं 'बाई म्हणून' असं लिहीत नाही. लग्न, मूल, वय, रूप असं काहीतरी जोडीला असतंच. २०१८ मध्ये नवतेज जोहर खटल्याच्या निकालात न्यायमूर्ती चंद्रचूड यांनी या वाचनावर टीका केली आणि लिंगाबद्दलच्या रूढ समजुतींतून आलेली कारणं लिंगापासून वेगळी काढता येत नाहीत असं मांडलं.

मराठीत आपण 'केवळ' लिहितो. 'केवळ लिंगाच्या कारणावरून भेदभाव करणार नाही.' इथेही 'नाही' शेवटी बसलं आहे आणि 'केवळ' पुढे, आणि दोघांत कोणाचा पल्ला मोठा हे वाक्य सांगत नाही. 'लिंगाच्याही कारणावरून' लिहिलं असतं तर वाद उरला नसता, पण मग तो वेगळाच हक्क झाला असता, कदाचित अधिक मोठा. संविधानावरच्या एका तासाला मी हे वाक्य फळ्यावर लिहून रेघ ओढायला मुलांना बोलावलं. पहिल्याने 'केवळ'च्या आधी रेघ थांबवली. दुसरी मुलगी उठली, तिने ती रेघ हाताने पुसली आणि वाक्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नवी ओढली.